बन्सी ड्रायव्हरचा लाल बंब

बन्सी भिंगारदिव्याला तुम्ही काहीही म्हणा, पण त्याच्यासमोर बंबाला 'गाडी' म्हणू नका. गाड्या काय, रस्त्यानं ढिगानं पळतात. बंब म्हणजे बंब! तो त्यानं सतरा वर्षं चालवला आणि गेली तेहतीस वर्षं त्याच्याविषयी बोलून बोलून गावाचे कान किटवले.

गाव आपल्या नगर जिल्ह्यातलंच, तालुक्याचं. जिल्ह्याचं नाव आता कागदावर अहिल्यानगर झालंय, पण बन्सीच्या तोंडात नगरच बसलंय. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. उगाच कुणाला ठसका लागायला नको. एवढं समजा की तिथं एक नगरपालिका आहे, तिचं छोटंसं अग्निशमन दल आहे, आणि पन्नास-पंचावन्न सालाच्या सुमाराला त्या दलाकडं पहिलावहिला विलायती बनावटीचा लाल बंब आला. बन्सीचे वडील भीमा त्या बंबावर पाइप ओढायला होते. बन्सी पंच्याहत्तर साली ड्रायव्हर म्हणून लागला. लग्नाआधी त्यानं बंब हातात घेतला, असं त्याची बायको भागिरथी आजही चिडून सांगते.

आता बन्सी बहात्तरचा. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, गुडघे कुरकुरतात. पण रस्त्यानं सायरन वाजला की हा बाबा हातातला चहा खाली ठेवून उठून उभा!

"बसा हो," भागिरथी म्हणते, "रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. आग तुमच्यावाचून विझते."

तर यंदाच्या मार्चमधली गोष्ट. दुपारची वेळ, बन्सी ओट्यावर टेकलेला. दलातला फायरमन महेंद्र मोटारसायकल तशीच स्टँडवर आपटून धावत आला. त्याची सासुरवाडी जामखेडकडची. त्यानं मोबाईल बन्सीच्या नाकासमोर धरला. फोटोत पत्र्याच्या शेडखाली काहीतरी तांबडं-तपकिरी उभं होतं आणि त्याच्या टपावर तीन शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या.

"काका, ओळखा!"

बन्सीनं चष्मा पुसला. फोटो मोठा करून डाव्या बाजूची पायरी बघितली. पायरीला वेल्डिंग केलेला पत्रा होता आणि त्यातले दोन बोल्ट उलटे बसवलेले होते. ते बोल्ट बन्सीनंच घाईत उलटे बसवले होते, आणि त्यावरून साहेबाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

"अगं भागिरथे!" तो एवढ्यानं ओरडला की शेजारच्या घरातनं दोन माणसं धावत आली. "सापडला! माझा बंब सापडला!"

आणि बहात्तर वर्षांचा हा गडी लहान पोरासारखा रडला. लाज नाही, शरम नाही, चांगला हुंदके देऊन रडला.

दलाच्या अधिकारी शुभांगी मॅडम. वय असेल पस्तिशीचं, पण कामाला वाघीण. चौदा एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. त्यामुळं बन्सीच्या घरी त्या दिवशी जन्मभर दोन सण. सकाळी दलात संचलन, संध्याकाळी जयंतीची मिरवणूक, आणि मधल्या वेळात भागिरथीची बोलणी. मॅडमनी ठरवून टाकलं, यंदाच्या चौदा एप्रिलला आपला पहिला बंब आपल्या आवारात उभा राहिला पाहिजे. नगरपालिकेचा ठराव झाला, पोलिसांची परवानगी झाली. पण बंब ज्यांच्या शेडमध्ये होता त्या, सासुरवाडीशेजारच्या वस्तीवरच्या आबासाहेबांनी महेंद्राला एकच अट घातली.

"फुकट न्या. मला पैसा नगं. पन मेल्याल्या ढोरावानी ओढून न्यायचा न्हाई. सोताच्या चाकावर, सोताच्या इंजनावर चालत गेला तरच न्या. न्हाईतर हितंच ऱ्हाऊ द्या."

मग काय! महेंद्र दर रविवारी सासुरवाडीला. सासूला वाटलं जावयाला आपली माया फुटली. हा पठ्ठ्या शेडमध्ये ब्रेक काढ, टायर बदल, कार्बोरेटर धू, यातच दंग. आणि आश्चर्य म्हणजे इंजिन जाम झालेलं नव्हतं. आबासाहेबांनी त्यात तेल घालून ठेवलं होतं. एप्रिल उजाडला तेव्हा सगळी तयारी झाली, आणि घोडं अडलं एका बारक्याशा वस्तूवर.

"काका, रोटर नाही हो," महेंद्र रडकुंडीला आला होता. "नगर पालथं घातलं, पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. या मॉडेलचा मिळतच नाही. त्याच्यावाचून ठिणगी पडत नाही."

बन्सीनं घरातल्या कपाटाकडं बघायचं टाळलं.

"मी बघतो," एवढंच तो म्हणाला.

कारण रोटर कुठं होता, ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक बन्सी, दुसरी भागिरथी. तो त्यांच्या घरातल्या कपाटात, बिस्किटाच्या डब्यात होता.

त्याचं असं झालं. त्या बंबाला चावी नव्हती, बटण दाबलं की चालू. एकदा शिमग्याला गावातले दोन टगे बंब पळवून सगळ्या पेठेत पाणी उडवत फिरले. तेव्हापासून दलात पद्धतच पडली. ड्रायव्हर बंबाजवळून हलला, अगदी जेवायला घरी गेला, तरी इंजिनातला रोटर काढून खिशात घालायचा. बोटाच्या दोन पेरांएवढा काळा तुकडा, वर पितळी पट्टी. दुसरा ड्रायव्हर आला की तो त्याच्या तळहातावर ठेवायचा. त्यालाच म्हणायचे चार्ज दिला. सही नंतर, आधी रोटर.

ब्याण्णव साली नवा बंब आला आणि जुना लिलावात निघाला. लिलावाच्या दिवशी बन्सी रुसून रजेवर गेला. चार्ज घ्यायला कुणी नव्हतंच, मग रोटर खिशातच राहिला. बंब कुणा भंगारवाल्यानं घेतला आणि ओढत नेला. चार दिवसांनी खाकी पँट धुताना भागिरथीच्या हाताला तो तुकडा लागला.

"अहो, हे देऊन या त्याला."

"भंगारवाल्याला कशाला पाहिजे? तोडणारच आहे तो." आणि मग जरा दमानं, दातओठ खाऊन, "माझ्या हातनं काढून घेतला ना? आता चालवून दाखवा म्हणावं!"

खरं कारण हे दुसरं. ते त्यालाही माहीत होतं आणि भागिरथीलाही.

तेरा एप्रिलला सकाळी शुभांगी मॅडम, महेंद्र आणि बन्सी जीपमधून निघाले. बन्सीनं खाकी शर्ट कडक इस्त्री करून घातला होता आणि रोटर शर्टाच्या खिशात. जाताना भागिरथी म्हणाली होती, "खरं सांगून टाका." त्यानं "हूं" केलं होतं. पण मनात त्याचं वेगळंच शिजत होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात ओळखीच्या माणसाकडं मिळाला, असं म्हणायचं. कोण विचारतंय? सतरा वर्षं इमानदारीनं बंब चालवला, पालिकेनं तो भंगारात घातला म्हणून गावभर तिला शिव्या दिल्या, आता म्हातारपणी आपणच चोर ठरायचं? छे!

जामखेडच्या अलीकडं फाट्यावरनं आत वळलं की कच्चा रस्ता. वाटेत एक जुनी विहीर, कडेला चिंचेचं झाड, आणि मग माळावर वस्ती. जीप थांबायच्या आत बन्सीनं दार उघडलं.

शेडमध्ये बंब उभा होता. महेंद्रानं धुवून-पुसून काढलेला. रंग उडालेला, काचेला तडा गेलेला, पण नाक तसंच वर! बन्सीनं त्याच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि तिथंच उभा राहिला. एका शेळीनं टपावरनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"उतर गं बये," बन्सी तिला म्हणाला, "मालक आला."

"मालक मी हाय," मागनं आवाज आला. आबासाहेब. पंच्याहत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. "या. च्या घ्या आदी."

शेडच्या सावलीत बाजेवर बसले सगळे. आबासाहेबांची बायको बनुबाई चहा घेऊन आली. ठेंगणी, काटक बाई. कप देताना तिनं बन्सीला खालीवर न्याहाळलं.

"तर रोटार घावला का?" आबासाहेबांनी विचारलं.

"बन्सीकाकांनी काहीतरी केलंय म्हणाले," मॅडम म्हणाल्या.

"करा बाबा. पन ऐका. हा बंब म्या हौस म्हनून न्हाई घेतला. ब्यान्नवचा उन्हाळा. वस्तीला पान्याचा ठिपूस न्हाई. टँकर यायचा आठ दिसाला, कदी त्यो बी न्हाई. मला नगरच्या भंगारवाल्याकडं ह्यो दिसला. म्हनलं, टाकी दांडगी हाय, चिंचंच्या हिरीवरनं रोज पानी आनू. बावीस घरं पितील. मागून आनल्येल्या टॅक्टरनं ओढत आनला. पोरं नाचली, बायांनी ववाळलं! अन् दुसऱ्या दिशी टॅक्टर गेला, बंब काई चालू हुईना. मेस्तरी आनला. त्यो म्हनला, आबा, ह्येच्यातला रोटार कुनीतरी काढून घेतलाय. म्या पुन्यापातुर फिरलो. न्हाई घावला." आबासाहेबांनी कप खाली ठेवला. "हर खंडेनवमीला म्या इंजनात तेल घालतो, हँडल मारून फिरवतो, कुकू लावतो. अन् त्या डायव्हरला शिव्या घालतो. त्याचा हात झडो!"

"आमचा ड्रायव्हर असं करणार नाही हो," शुभांगी मॅडम जरा रागानंच म्हणाल्या. "हे बघा ना, तेव्हाचे ड्रायव्हर हेच. बन्सीकाका, सांगा तुम्हीच."

घ्या! बन्सीचा हात आपोआप खिशावर गेला. जुना बाजार, ओळखीचा माणूस, सगळं पाठ करून आणलेलं जिभेवर आलं होतं. त्यानं उगाच विषय बदलायचा म्हणून बनुबाईला विचारलं, "मग त्या उन्हाळ्यात पाण्याचं काय केलंत, आक्का?"

"काय करनार? पायी." बनुबाई जमिनीवर टेकली. "डोईवर दोन हंडे, काखंत कळशी. जायला-यायला अन् नंबर लावायला दीड तास. दिसाला चार खेपा. दोन म्हैने. धाकटी पोटात हुती तवा. बंबाच्या शेजारनंच जायाची वाट. रोज त्येच्याकडं बगायची. म्हनायची, मेल्या, उभा काय ऱ्हायलास, चल की माज्यासंगं."

ती हसली. बन्सी हसला नाही.

त्यानं खिशातनं रोटर काढला, रुमालात गुंडाळलेला, आणि आबासाहेबांच्या समोर बाजेवर ठेवला.

"हा तोच," तो म्हणाला. "मीच नेला. खिशात राहिला होता, पण नंतर कळलं तरी परत केला नाही. मला वाटलं भंगारवाला तोडणार. पण ते खोटं. खरं म्हणजे मला राग आला होता. माझा नाही तर कुणाचा नाही, असा राग. तुमच्या वस्तीचं मला माहीत नव्हतं, आबा. पण माहीत नसलं म्हणून काय झालं? हात झडो म्हणालात ना, तो हात हा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. महेंद्र बंबाच्या चाकाकडं बघायला लागला. आबासाहेब उठले.

"उटा," ते म्हणाले. "निगा हितनं. बंब-बिंब काय न्हाई. जावा!"

बन्सी उठला. हात जोडले आणि वळला. अहो, तेहतीस वर्षांनी सापडलेला बंब पाच पावलांवर उभा आणि हा माणूस त्याच्याकडं न बघता जीपकडं चालायला लागला. त्याला वाटलं, बरोबर झालं. आपल्याला असंच पाहिजे होतं.

"आवो, थांबा की!" बनुबाई कडाडली. बन्सीवर नाही, नवऱ्यावर. "तेत्तीस वरसं ज्याची वाट बघितली त्यो रोटार घरात आलाय अन् तुमी मानसाला हाकलताय? आदी चालू तर करू द्या! मला बगायचंय चालल्याला. मग काय भांडायचं त्ये भांडा दिसभर."

"आगं पन ह्येनं..."

"ऐकलंय म्या. मला बी कान हायेत. पानी तुमी न्हाई व्हायलं, म्या व्हायलंय. मला राग आला तर येईल. तुमी गप बसा. ए डायव्हर, चल!"

आबासाहेब धप्पकन बाजेवर बसले. या घरात कुणाचं चालतं, ते सगळ्यांना कळलं.

बन्सीनं बॉनेट उघडलं. डोळ्यांवर कसला विश्वास, बोटांनाच सगळं आठवत होतं. टोपण काढलं, रोटर दांड्यावर बसवला, टिक असा आवाज आला. महेंद्रानं पेट्रोल सोडलं, बटण दाबलं. इंजिन गरगरलं आणि गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. बॅटरी मलूल झाली.

"हँडल आण," बन्सी म्हणाला.

"काका, तुमचे गुडघे..."

"आण म्हणतो ना!"

पहिला फटका, काही नाही. दुसरा, हँडल उलटं आलं आणि बन्सीचं मनगट थोडक्यात वाचलं. वस्तीवरची माणसं गोळा झाली होती. आबासाहेब बाजेवरनं उठले. चार पावलं चालत आले. त्यांनी बन्सीच्या हाताशेजारी आपला हात हँडलवर धरला.

"त्येला जरा चोक वडा," ते पुटपुटले, "खंडेनवमीला म्या तसंच करतो."

दोन म्हाताऱ्यांनी मिळून हँडल मारलं. खाड! बंबानं एक खोकला काढला, काळ्या धुराचा लोट सोडला, आणि मग घर्रर्रर्र करून सुरूच झाला! अहो, काय तो आवाज! शेडचा पत्रा थरथरला. टपावरच्या शेळ्यांनी उड्या ठोकल्या त्या थेट बांधापलीकडं. पोरं ओरडली, बाया ओरडल्या, महेंद्रानं मॅडमना मिठी मारायची बाकी ठेवली. आबासाहेबांनी टोपी काढून हवेत उडवली आणि ती त्यांना नंतर सापडली नाही. बन्सी नुसता हसत होता आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

"मी पुढं होते," मॅडम धावतच जीपकडं गेल्या. "फाट्यावर दलाची नवी गाडी आणि पोलीस येऊन थांबलेत. तुम्ही हळूहळू या. काटा वीसच्या वर न्यायचा नाही, काका!"

बन्सी चढून स्टिअरिंगवर बसला. महेंद्र मागच्या पायरीवर उभा राहिला. बंब शेडबाहेर आला, उन्हात आला, आणि तेवढ्यात बनुबाईनं आडवा हात केला.

"मला बी घे. हिरीपातुर. तितं उतरते."

तिला आत चढवायला महेंद्र आणि आबासाहेब दोघं लागले. ती बन्सीच्या शेजारी मांडी घालून बसली, पदर घट्ट खोचून. बंब कच्च्या रस्त्यानं निघाला. पोरं मागनं पळत होती. बन्सीनं घंटेची दोरी तिच्या हातात दिली, तेव्हा तिनं ती अशी काही वाजवली की रस्त्याकडचे बैल बुजले. ती खदाखदा हसत होती. वळण घेतलं, उतार लागला, चिंचेचं झाड आलं. बन्सीनं ब्रेक लावला.

"आली विहीर, आक्का."

बनुबाईचं हसू थांबलं. तिनं मागं वळून वस्तीकडं बघितलं, मग विहिरीकडं.

"आली? किती वेळ झाला रं?"

बन्सीनं घड्याळ बघितलं. सांगू नये असं वाटलं, पण आजचा दिवस खोटं बोलायचा नव्हता.

"सहा मिनिटं."

दोरी तिच्या हातातच होती. ती विहिरीच्या कठड्याकडं बघत राहिली. बन्सीला वाटलं, आता ही बोलेल, आता शिव्या देईल, आणि दिलेल्या बऱ्या. त्यानं मान खाली घातली.

"सा मिनटं," ती शेवटी म्हणाली. मग तिनं नाक ओढलं, डोळे पदरानं पुसले आणि बंबाच्या दारावर थाप मारली. "टाकी भर."

"काय?"

"टाकी भर म्हनते. हिरीवर मोटार हाय आता. आबांनी गुरांच्या पान्याला टाकी वापरली, गळत न्हाई ती. भर, अन् चल वस्तीवर."

"आक्का, आता तर वस्तीला नळ आलाय."

"आलाय की. मला ठावं हाय नळ आलाय!" बनुबाई गरजली. "मला ह्येचं पानी बघायचंय दारात. येकदा. भरतोस का उतरू?"

बन्सीनं महेंद्राला हाक मारली. मोटार सुरू झाली, पाइप टाकीत पडला, आत पाण्याचा धबधबा वाजायला लागला. बनुबाई खिडकीतून वाकून ऐकत होती. पळत आलेली पोरं टाकीला कान लावून उभी राहिली. टाकी भरत आली तसा बंब जरा जरा खाली बसला. बन्सीनं स्टिअरिंग फिरवलं आणि बंबाचं नाक पुन्हा वस्तीकडं केलं.

खिशातला मोबाईल वाजला. शुभांगी मॅडम.

"काका, कुठवर आलात? इथं हार घेऊन लोक उभे आहेत. बंद पडला का?"

"बंद नाही पडला, मॅडम," बन्सी इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "ब्याण्णव सालची एक खेप राहिलीये. तेवढी टाकतो न् निघतोच!"